कर्तरी प्रयोग

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संस्कारित पाठ)



ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवीत व्याकरण शिकवलं. प्रयोग शिकवताना ते व्याख्या पाठ करून घेत नसत. फळ्यावर एक वाक्य लिहायचे, खडू टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, ‘‘क्रियापद कुणाचं ऐकतंय?’’ कर्त्याचं ऐकत असेल तर कर्तरी, कर्माचं ऐकत असेल तर कर्मणी, कुणाचंच ऐकत नसेल तर भावे. मागच्या बाकांवर भावे प्रयोग फार लोकप्रिय होता, हे सांगायला नकोच.

आजचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘भारतीय साहित्यात समलिंगी लेखकांचे स्थान’ असा छापला आहे. मी तो फोनवर सुचवला तेव्हा पलीकडे जरा शांतता पसरली. मग वाचनालयाच्या कार्यवाहांनी हळूच विचारलं, ‘‘सर, गुरुजींच्या नावाला शोभेल ना?’’ शोभेल. कारण मी या विषयाकडे व्याकरणाच्या वाटेनंच जाणार आहे. मला दुसरी वाट नीट माहीतही नाही. मी स्वतः या अनुभवातला माणूस नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण वाचून, तपासून, छापून देण्याचं काम केलं, आणि त्या कामात माझ्या हातून एक चूक झाली. तिथूनच सुरुवात करतो.

१९८८ साल. आम्ही काही मित्र मिळून एक दिवाळी अंक काढत असू. कवितांचा विभाग माझ्याकडे होता. एका तालुक्याच्या गावाहून एका तरुणाची कविता आली, वहीच्या रेघी कागदावर, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट. कविता चांगली होती. पाऊस, एसटी स्टँड, कुणाची तरी वाट पाहणं. शेवटून तिसऱ्या ओळीत ‘तू आलास’ असं होतं. खाली सही पुरुषाची. मी क्षणभरही थांबलो नाही. पोरानं घाईत लिहिलंय असं समजून लाल शाईनं ‘आलास’चं ‘आलीस’ केलं. मात्रा तेवढ्याच, त्यामुळे लयीलाही धक्का लागला नाही. माझी दुरुस्ती किती सफाईदार झाली याचं मला समाधानसुद्धा वाटलं असणार. अंक निघाला. पंचवीस रुपये मानधनाची मनीऑर्डर गेली आणि ‘घेणाऱ्याने नाकारली’ असा शेरा घेऊन परत आली. त्या मुलाची कविता पुन्हा कधी आली नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही. कवी लहरी असतात, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

तो मुलगा समलिंगी होता की नव्हता, मला ठाऊक नाही. ‘तू’ म्हणजे मित्र असेल, भाऊ असेल, पांडुरंगही असेल. पण त्यानं ‘आलास’ लिहिलं होतं, आणि ते मला दिसूनही दिसलं नाही.

आता आपल्या भाषेची एक खोड पाहा. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही. कानडीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांना एकच रूप, ‘तू’लाही तसंच. इंग्रजीतल्या ‘आय’ आणि ‘यू’चं तर विचारूच नका. त्या पडद्याआड कुणीही कुणावरही प्रेम करावं, वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. उर्दू गझलेची तऱ्हा याहून वेगळी. तिथे प्रिय व्यक्ती पुल्लिंगी असण्याचाच संकेत आहे, त्यामुळे खरोखर पुरुषाबद्दल लिहिणारा त्या संकेताच्या गर्दीत सहज मिसळून जातो. मराठीत ही सोय नाही. ‘येतोस’ की ‘येतेस’, ‘बसलास’ की ‘बसलीस’, हे पहिल्याच ओळीत सांगावं लागतं. मराठी क्रियापद चहाडखोर आहे.

अर्थात लपायला जागा आहेत. भविष्यकाळ आहे. ‘तू येशील’मध्ये लिंग नाही. आज्ञार्थ आहे, ‘ये’, ‘थांब’. ‘तू मला हाक मारलीस’ यात क्रियापद हाकेचं ऐकतं, तुझं नाही. ‘तू मला पाहिलंस’ यात ते कुणाचंच ऐकत नाही. म्हणजे ज्याला लपायचं आहे त्यानं कर्मणीत जावं, भाव्यात जावं, भविष्यात जावं. फक्त साध्या कर्तरी भूतकाळात, म्हणजे ‘तू आलास, मी थांबलो’ इतक्या साध्या वाक्यात, लपता येत नाही. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं यातच आहे. आपल्या साहित्यात समलिंगी माणूस कर्म म्हणून फार पूर्वीच आला. कर्ता म्हणून यायला त्याला फार उशीर लागला.

कुणी म्हणेल, मराठीत पुरुषांनी पुरुषाला उद्देशून प्रेम लिहिलं नाही काय? भरपूर लिहिलं. ज्ञानेश्वरांच्या विराण्या घ्या, नाथांच्या गौळणी घ्या. सातशे वर्षं आपले संत बाई होऊन देवाची वाट पाहतात. लावणी तर पुरुषांनीच रचली, रामजोशी, होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ यांनी, आणि त्यातली ‘मी’ बहुधा बाई. बालगंधर्व लुगडं नेसून रंगमंचावर आले की त्यांचं चालणं, नेसणं पाहून घरंदाज बायका ते उचलत. आपल्याला यातलं काहीच खटकलं नाही, कारण क्रियापद बदललेलं होतं. ‘मी आले’ म्हणून पुरुषानं पुरुषाला हवं ते सांगावं, टाळ्या मिळत. ‘मी आलो’ म्हणून तेच सांगायला लागला की पंचाईत.

१९२७ साली दोन गोष्टी घडल्या. कलकत्त्यात पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांचं ‘चॉकलेट’ हे हिंदी कथांचं पुस्तक आलं. आधी ‘मतवाला’ साप्ताहिकात या विषयावरच्या त्यांच्या कथांनी खळबळ माजवलेली होतीच. चॉकलेट म्हणजे देखणा पोरगा, त्या काळचा बोलीतला शब्द. उग्रांचा दावा असा की आपण या दुर्गुणाचा पर्दाफाश करतो आहोत. कथांची ठेवण बहुतेक एकच: एक सभ्य गृहस्थ आपल्या वाट चुकलेल्या मित्राची हकिकत सांगतो. पुस्तक धडाधड खपलं आणि बनारसीदास चतुर्वेदींनी अशा लेखनाविरुद्ध मोहीम उघडली. त्याला नाव दिलं ‘घासलेटी साहित्य’. घासलेट हा आपल्याही स्वयंपाकघरातला शब्द. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्या पिढीला तो समजावून सांगायला नको. वाद गांधीजींपर्यंत गेला. त्यांनी पुस्तक प्रत्यक्ष वाचलं तेव्हा लेखकाचा हेतू त्यांना अशुद्ध वाटला नाही, पण त्यांचं ते पत्र लोकांपुढे यायला बरीच वर्षं गेली. या सगळ्या धुरळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. ज्याच्याबद्दल हे पुस्तक, त्याची गोष्ट सांगणारा तो स्वतः नव्हता. बाजूनं लिहिणारे, विरुद्ध लिहिणारे, सगळे त्याच्याविषयी बोलत होते.

त्याच वर्षी, जुलैत, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल लोक विचारत आणि कर्वे उत्तर देत. शिवी देत नसत, उत्तर देत. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हा प्रसंग आता नाटकामुळे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मला मात्र कर्व्यांपेक्षाही, बाबासाहेबांपेक्षाही, प्रश्न विचारणाऱ्या त्या निनावी माणसाचं कुतूहल वाटतं. त्यानं दौत घेतली असेल, दार लावून घेतलं असेल. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एखादा तरी स्वतःबद्दलच विचारत असणार. मराठीत या अनुभवाचा पहिला गद्यलेखक शोधायचा झाला, तर मी वाङ्मयेतिहासाच्या खंडांत जाणार नाही. मी या पत्रव्यवहारात शोधेन. त्याचं नाव सापडणार नाही, हे गृहीत धरून.

पुढची पन्नास वर्षं मी झरझर ओलांडतो, पण एक गोष्ट धरून ठेवा: सांगणारा कोण?

इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ १९४२ची. बेगम जान आणि रब्बूची गोष्ट, पण सांगते पाहुणी आलेली एक लहान मुलगी, जिला रात्री भिंतीवर हलणारी सावली दिसते आणि अर्थ कळत नाही. लाहोरच्या कोर्टानं बोलावलं तेव्हा इस्मत मुंबईत राहत होत्या. मंटोवरही ‘बू’साठी तिथेच खटला होता. कथेत अश्लील शब्द म्हणून बोट ठेवावं असं काही सापडेना आणि त्या सुटल्या. सापडणार कसं? सांगणाऱ्या पोरीला शब्दच माहीत नव्हते. लेखिकेची हुशारी तिथेच आहे.

१९८१मध्ये तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं. विनय आपट्यांचं दिग्दर्शन, रोहिणी हट्टंगडींची मित्रा. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली एक कॉलेजकन्या, नाव सुमित्रा, हाक मारायची ती मित्रा. हे नावच केवढं धूर्त आहे! ‘मित्राची’ हे रूप ‘मित्र’चं की ‘मित्रा’चं, हे जाहिरात वाचून कळू नये. व्याकरणातली ही फट शोधून तेंडुलकरांनी त्यात एक आयुष्य ठेवलं. माझ्या मते मराठीत या विषयावर इतकं निर्दय आणि इतकं कनवाळू नाटक दुसरं नाही. पण गोष्ट सांगतो बापू. मित्राचा मित्र, तिच्यावर जीव असलेला, तिला शेवटपर्यंत पुरं न कळलेला बापू. मित्रा मरते आणि बापू सांगायला उरतो. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाविषयीचं सत्य उलगडतं ते आईच्या तोंडून. मोना आंबेगावकरांनी ते अनेकदा, अनेक ठिकाणी वाचून दाखवलं आहे, आणि सभागृहातल्या आया रडतात. रडणं खोटं नाही. पण मुलगा बोललेला नाही, आईनं सांगितलेला आहे.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. साहित्यात दुसऱ्याविषयी लिहिण्याचा हक्क काढून घेतला तर हाती आत्मचरित्रंच राहतील, आणि ती सगळीच वाचनीय नसतात. इस्मत आणि तेंडुलकर यांनी जे केलं ते मोठंच आहे. मी फक्त क्रियापद कुणाचं ऐकतंय ते पाहतो आहे.

‘राष्ट्रीय साहित्य’ म्हणतात ते मग कुठे होतं? ज्या १९८८ साली मी ती लाल शाई वापरली, त्याच साली साहित्य अकादमीनं विक्रम सेठ यांच्या ‘द गोल्डन गेट’ला पुरस्कार दिला. ही पद्यात लिहिलेली कादंबरी. तिच्यात फिल आणि एड या दोन पुरुषांचं प्रेम अगदी उघड आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, भारतीय दंडविधानाचं १८६०पासूनचं ३७७ कलम जागच्या जागी, आणि देशाची अकादमी त्या पुस्तकाला गौरवते! मला हे वाचून अकादमीचं कौतुक वाटलं, पण नीट पाहा, अंतर किती राखलंय. गाव सॅन फ्रान्सिस्को. माणसं अमेरिकन. भाषा इंग्रजी. परदेशी पाहुण्याला घरात बूट घालून फिरू देतात, तसं ते. सेठ पुढे २००६ साली ३७७विरुद्धच्या खुल्या पत्रामागे उभे राहिले, उघडपणे स्वतःबद्दल बोलले. त्यांना त्यांची जागा मिळाली. प्रश्न आहे तो एसटी स्टँडवरच्या पोराच्या जागेचा.

इंग्रजीत वाट मोकळी होत गेली ती मुंबईतूनच. १९९० साली अशोक रावकवींनी ‘बॉम्बे दोस्त’ काढलं. १९९९मध्ये होशंग मर्चंट यांनी संपादित केलेलं ‘याराना’ आलं, त्याच वर्षी अश्विनी सुखठणकर यांचं ‘फेसिंग द मिरर’, स्त्रियांच्या लेखनाचं. २००३ साली आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’. राव पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवत, आणि आपण कोण आहोत ते त्यांनी कधी लपवलं नाही. या कादंबरीत युदी नावाचा पत्रकार चर्चगेट स्टेशनच्या मुतारीत मिलिंदला भेटतो. मिलिंद दलित आहे. भोवती १९९२-९३ची जळती मुंबई. प्रेम आहे, जात आहे, पैसा आहे, आणि राव यातलं काहीच गोड करून सांगत नाहीत. मी ती वाचली तेव्हा सारखं एकच डोक्यात येत राहिलं. मिलिंदची भाषा मराठी. हीच गोष्ट मिलिंदनं लिहिली असती तर? युदीच्या इंग्रजीत तो पुन्हा कर्म झाला. आणि ‘मिलिंद’ हे नाव मराठी माणसाला काय काय सांगतं, हे इंग्रजी वाचकाला कळायला तळटीप लागते.

इथे दलित साहित्याचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘मी’ कसा म्हणायचा, हे मराठी गद्याला त्या लेखकांनी शिकवलं. ‘बलुतं’ १९७८चं. त्यात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. स्वतःचेच दोन तुकडे केल्याशिवाय ते सांगणं जमणारं नव्हतं. समलिंगी लेखकाला या दुभंगाची ओळख पटेल असं मला वाटतं. पण साम्य तिथेच थांबतं. दगडूला वस्ती होती, आजी होती, त्याच दुःखातली माणसं सभोवार होती. समलिंगी मुलगा जन्मतो तो माजघरात, आणि त्या घरात त्याच्यासारखं कुणी नसतं. त्याला आपली परंपरा जन्मानं मिळत नाही, ग्रंथालयात शोधावी लागते. म्हणून तर त्याला पुस्तक जास्त लागतं.

ते मराठीत कुणी द्यायचं? बिंदुमाधव खिरे यांनी द्यायला घेतलं. इंजिनिअर माणूस, अमेरिकेत नोकरी करून परतलेला, पुण्यात २००२मध्ये ‘समपथिक’ ट्रस्ट काढला आणि लिहीत सुटला. ‘पार्टनर’ ही कादंबरी, ‘इंद्रधनु’, आणखी कितीतरी. बरीच पुस्तकं स्वतःच काढली. ‘पार्टनर’ मला कादंबरी म्हणून फार थोर वाटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पात्रं मध्येच समुपदेशकासारखी बोलायला लागतात. पण ज्यानं आयुष्यात पहिल्यांदाच मराठीत छापलेला असा ‘मी’ पाहिला, त्याला रचना ढिली आहे की घट्ट, याच्याशी काय देणंघेणं? आम्ही समीक्षक मंडळींनी या लेखनाला ‘माहितीपर’ म्हणून एका कप्प्यात सरकवलं. आपल्याकडे ही कला जुनी आहे. ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं जोतीरावांनी १८८५ साली का नाकारलं, हे आपण शाळेत वाचतो, आणि तरी प्रत्येक नव्या आवाजाला वेगळी चूल मांडायला लावतो. मग म्हणतो, बघा, आमच्याकडे किती संमेलनं होतात.

आणि मग २००६ साली मौजेनं सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ काढली. विशीत लिहिलेली, लहानशी कादंबरी. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत एक भाडेकरू, आणि भाऊ-बहीण दोघंही त्याच्या प्रेमात. तो निघून जातो. पहिला अर्धा भाग भावाचा, तनयचा. दुसरा बहिणीचा, अनुजाचा. तनय त्या निघून गेलेल्याला ‘तू’ म्हणून बोलत राहतो. मी तेव्हा साठीकडे झुकलो होतो. रात्री जेवणानंतर वाचायला घेतली आणि पानागणिक ती क्रियापदं येऊ लागली, मुलाच्या तोंडून मुलासाठी. कुठेही घोषणा नाही, पुरावा नाही, ‘लोकहो’ नाही. घरातली रोजची मराठी, वरणभाताची. मी पुस्तक उपडं ठेवलं. मला एसटी स्टँड आठवलं. तब्बल अठरा वर्षांनी माझ्या डोक्यात उजेड पडला.

जेरी पिंटो यांनी २०१३मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि ती देशभर पोचली. ‘बलुतं’ही पुढे त्यांनीच इंग्रजीत नेलं, हा योगायोग मला आवडतो. अनुवाद उत्तम आहे. पण इंग्रजीत तनयच्या ‘तू’चा ‘यू’ होतो, आणि मराठी क्रियापदात दर ओळीला जे धाडस होतं ते तिथे उरत नाही. उरू शकत नाही. त्याला अनुवादक काय करणार! २०२२मध्ये चित्रपटही आला. त्यावर मी बोलणार नाही, मला पुस्तक पुरे आहे.

शेजारच्या कर्नाटकात काय झालं तेही सांगायला हवं. वसुधेंद्र हे कानडीतले वाचकप्रिय लेखक. मूळ बळ्ळारीकडचे, आधी सॉफ्टवेअरमध्ये. आईवरच्या त्यांच्या ललित लेखांचं पुस्तक घरोघरी गेलेलं. २०१३ साली त्यांनी ‘मोहनस्वामी’ हा कथासंग्रह काढला आणि त्यासोबत स्वतःही समोर आले. त्याच वर्षाच्या ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलम पुन्हा जिवंत केलं, दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली दिलेला दिलासा काढून घेतला. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम शेवटी गेलं ६ सप्टेंबर २०१८ला. म्हणजे ‘मोहनस्वामी’ची पहिली पाच वर्षं वसुधेंद्र कायद्यानं गुन्हेगार ठरू शकत होते आणि कानडी वाचक त्यांची पुस्तकं विकत घेत होता. कानडीत, मघाशी म्हटलं तसं, ‘मी’ आणि ‘तू’च्या क्रियापदाला लिंग नसतं. त्यांना लपायला भाषेनं आयती जागा दिली होती. ती त्यांनी घेतली नाही.

म्हणून ‘स्थान’ या शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. स्थान म्हटलं की आपण लगेच खुर्च्या मोजायला लागतो. एखादा पुरस्कार, एखादा परिसंवाद, ग्रंथालयात एक कपाट. समलिंगी लेखकानं त्याच विषयावर लिहावं, असा आग्रहही त्यातच दडलेला असतो. त्यानं कापसाच्या भावावर लिहावं, विज्ञानकथा लिहावी, काहीच लिहू नये. आणि कधी एका ओळीत त्याला कुणी आलेलं आठवलं, तर त्या ओळीवर संपादकाचा हात पडू नये. मला एवढंच मागायचं आहे, आणि ते लेखकांकडे नाही, माझ्या जातीच्या लोकांकडे: संपादक, मुद्रितशोधक, पाठ्यपुस्तकं नेमणारे, मराठीचे शिक्षक. कायदा बदलला तो पाच न्यायमूर्तींनी. लाल शाई शेकडो लोकांच्या हातात आहे.

‘कोबाल्ट ब्लू’ वाचल्यानंतर मी माळ्यावरचे जुने गठ्ठे काढले. अंक सापडला. कवितेचा मूळ कागदही सापडला. खिळे जुळवायला गेलेला, कडांना काळे डाग पडलेला, माझ्या दुरुस्तीसकट. पत्त्यावर पत्र टाकलं. ते परत आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. नाव इथे घेण्याचा मला अधिकार नाही. त्यानं मला ते दिलं होतं एका कवितेखाली छापायला, आणि मी त्याखाली दुसरीच कविता छापली.

तो अंक बंद होऊनही तीस वर्षं झाली. शुद्धिपत्र छापायला जागा उरली नाही. हे व्याख्यान वाचनालय छापणार आहे असं कार्यवाह म्हणाले, तेव्हा गुरुजींच्या नावाखाली एवढं छापावं अशी माझी विनंती आहे:

दिवाळी १९८८, पान ४७, खालून तिसरी ओळ. ‘आलीस’ असे छापले आहे. तेथे ‘आलास’ असे वाचावे.